तुझ्या मांजराची घुरघुर आणि माझ्या तीन हाका

अक्का,

तुला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि स्वामींनी मंत्र सुरू केले. तेवढ्यात तुझी मांजर, बेक्कू, माणसांच्या पायांमधून वाट काढत आली आणि सरळ तुझ्या मांडीवर चढली. दोनदा गोल फिरली, पुढच्या पायांनी पदर दाबून बघितला, अंग मुडपून बसली आणि घुरघुरायला लागली.

आपल्या लिंगायतांत माणूस गेलं तरी त्याला आडवं ठेवत नाहीत. पूजेला बसायचं तसंच बसवतात आणि तसंच समाधीत उतरवतात. माणसांना हे ठाऊक असतं, मांजराला कुणी सांगितलेलं नसतं. शेवटचे दोन दिवस तू निजूनच होतीस, म्हणून ती खाटेखाली रुसून बसली होती. आता तू उठून बसलीस असंच तिला वाटलं असणार. दुसऱ्या कुठल्या घरात तिची अशी चूक झाली नसती.

खोली माणसांनी गच्च भरलेली होती. स्वामी श्वास घ्यायला थांबले की तिची घुरघुर पार दारापर्यंत ऐकू जायची. भालकीहून आलेला तुझा भाऊ पुढं झाला. "हाकला तिला. मुडद्यावर मांजर बसू देतेत का?" कुणीतरी कोपऱ्यातली काठी उचलली. मी ओरडले, "हात लावायचा न्हाई तिला कुणी!" सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. जिनं पाच वर्षं तुझ्याशी शब्द काढला नाही, तिला हा हक्क कुणी दिला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी तुझ्याजवळ बसले आणि तू शिकवलं होतंस तसा तिच्या गळ्याखाली हात ठेवला. पण मला कळेना. ती खुशीत होती, की स्वतःलाच समजावत होती? हे सांगणारी तूच होतीस आणि तू तर अशी बसलेली. मंत्र संपल्यावर मीच तिला उचललं. तिची नखं तुझ्या लुगड्यात अडकली होती, ती एकेक करून सोडवली. मग तुला नेलं.

आज नऊ दिवस झाले. लोक येतात, बसतात, तुझे गुण सांगतात आणि मी मान हलवते. माझं आणि तुझं भांडण मिटलं की नाही, हे मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तुला 'अहो जाऊबाई' म्हणत होते. देगलूरला आईनं तसंच बजावून पाठवलं होतं. पंधरा दिवसांत तू मला चुलीपाशी गाठलंस. "हे बघ गिरजे, अहो-जाहो करायचं असलं तर जाऊबाई म्हण अन् लांब बस. अक्का म्हणणार असलीस तर तू म्हण." मी तिथल्या तिथं अक्का म्हटलं. माझे मोठे दीर तेव्हा नुकतेच गेले होते. तुझं वय काही फार नव्हतं. मी मनात म्हणत होते, घरात विधवा जाऊ आहे, आता रोज तिचं रडणं ऐकावं लागणार. तू तर पहिल्याच आठवड्यात माझ्या भाकरीला हसलीस. "ही भाकर हाय का उदगीरचा नकाशा?" त्यावर मी तीन दिवस फुगून बसले होते. मला राग लवकर येतो, हे तुला तेव्हाच कळलं. तो लवकर जातो, हेही कळायला हवं होतं तुला.

बेक्कू आली ती आपल्या दुकानातून. तुरीच्या पोत्यांमागं एका मांजरीनं चार पिलं घातली होती. तीन कुठं गेली कळलं नाही, चौथं तू पदरात घालून घरी आणलंस. तुझ्या माहेरच्या कानडीत मांजराला बेक्कू म्हणतात, म्हणून तिचं नावही बेक्कू. मी म्हटलं, "अगं, हे म्हणजे पोराचं नाव पोरगा ठेवल्यासारखं झालं." तू म्हणालीस, "मग काय बिघडलं? हाक मारली की आली म्हंजे झालं."

तू पूजेला बसलीस की ती मांडीत. ताटात हात घातलास की ती गुडघ्याशी. तिच्या घुरघुरीचे तू मला धडेच दिलेस. भुकेच्या घुरघुरीत मधेच बारीक रडणं असतं, तान्ह्या लेकराच्या रडण्यासारखं. ते ऐकलं की बाईमाणसाला चैन पडत नाही आणि मांजराला ते बरोबर ठाऊक असतं. पोट भरल्यावरची घुरघुर सावकाश चालते, जात्यावर सवयीचा हात पडावा तशी. "अन् तिसरी एक असती," तू म्हणाली होतीस, "ती तुला दावीन कधी."

ती तिसरी कळली ती तिला विंचू चावला तेव्हा. बेक्कू कणगीच्या मागं जाऊन बसली होती आणि मोठ्यानं घुरघुरत होती. मी म्हटलं, "बघ की, किती खुशीत हाय." तू वाकून बघितलंस आणि तुझा चेहरा उतरला. "खुशीत न्हाई गं. पाय बघ तिचा, किती सुजलाय. ती स्वतःला समजावतीय." मी हसले. दुखणारं जनावर ओरडेल, गुरगुरेल, घुरघुरेल कशाला? तू माझ्याशी वाद घातला नाहीस. दिवसभर तिला मांडीवर घेऊन, गळ्याखाली हात ठेवून बसून राहिलीस. संध्याकाळी म्हणालीस, "आता ढिली पडली. दुखणं उतरलं." मी हात लावून बघितला. मला दोन्हींत काही फरक कळला नव्हता.

त्या वर्षी लातूर जिल्हा झाला. कागदासाठी उस्मानाबादचे खेटे चुकले म्हणून दुकानात पेढे वाटले होते. आणि पाऊस गेला. गल्लीतले लोक म्हणायचे, "जिल्हा इकडं आला अन् पाऊस तिकडंच राहिला." पहिल्या वर्षी हे बोलून लोक हसायचे, दुसऱ्या वर्षी कुणी हसेना. आपल्या आडाचा तळ दिसायला लागला. कडबा मिळेना म्हणून गवळ्यानं दोन म्हशी विकल्या आणि दूध निम्म्यावर आणलं.

माझ्या रेणूला गोवर आला होता. चार वर्षांची पोर अंगानं फुलून तळमळत होती आणि दोन दिवस मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. मी बाहेर आले तर तू बेक्कूच्या वाटीत दूध ओतत होतीस. माझं डोकं फिरलं. मी बोलले. काय बोलले ते आजही कागदावर उतरवायला नको वाटतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं? "पोटी लेकरू असतं तर दूध मांजराला पाजलं नसतंस."

तू ओतायचं थांबली नाहीस. वाटी भरलीस, भांडं खाली ठेवलंस आणि माझ्याकडे एकदा बघितलंस. मला वाटलं आता तू बोलशील आणि मग मी रडेन, पाया पडेन, म्हणजे होऊन जाईल. तू आत निघून गेलीस. मी स्वयंपाकघरात गेले तर चुलीच्या कट्ट्यावर रेणूचा पेला काठोकाठ भरलेला, वर ताटली झाकलेली. तू आधी तिचं काढून ठेवलं होतंस. मांजराला दिलंस ते तुझ्या वाटणीचं होतं.

तिसऱ्या दिवशी तू रेणूच्या वडिलांना म्हणालीस, "भावजी, मधी भिंत घाला." त्यानंतर पाच वर्षं तुझा आवाज मी फक्त भिंतीआडून ऐकला, आणि तोही माझ्यासाठी नसायचा.

भिंत कशीतरीच झाली, पुरुषभर उंचीची. तुझं दार मागच्या गल्लीत उघडायला लागलं, आमचं पुढच्या. फक्त बेक्कूला वाटणी मान्य नव्हती. ती भिंतीवरून चालत यायची आणि मधोमध बसून दोन्हीकडे बघायची. आधी मी तिला केरसुणीनं हाकलायचे. मग एक दिवस दूध तापत होतं, घरात कुणी नव्हतं, ती येऊन पायाशी बसली आणि मी एका खापरात थोडं ओतलं. का ओतलं, ते मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या दारात पाऊल टाकायची हिंमत नव्हती, म्हणून मांजराला दिलं. रोज दुपारी देत राहिले. यांना सांगितलं नाही, रेणूला दिसू दिलं नाही, खापर धुऊन सरपणामागं लपवायचे. ज्या तोंडानं तसलं बोलले, त्या तोंडानं हे कुणाला सांगणार?

भिंत घातली त्याच वर्षीच्या थंडीत तुला ताप आला. पंधरा-वीस दिवस तू अंथरुणाला होतीस. रेणूचे वडील जाऊन-येऊन असायचे. मी त्यांच्याबरोबर मऊ भात द्यायचे, सुंठेचा काढा द्यायचे, स्वतः आले नाही. रोज ठरवायचे, आज जाते. रोज म्हणायचे, ती दारातून परत पाठवील. तू बरी झालीस, काठी टेकत का होईना हिंडायला लागलीस आणि माझी संधी गेली असं मला वाटलं. तापात तुझं काय गेलं ते मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत टँकर यायला लागला. तो पुढच्या गल्लीत यायचा, माझ्या दाराशी. तुझ्या बाजूला कळायचंही नाही. तुझी घागर रेणूचे वडील भरून द्यायचे. त्या दिवशी ते दुकानाच्या कागदासाठी लातूरला गेले होते आणि टँकर पाळी नसताना आला. बायका धावल्या. मी दोन हंडे भरले आणि भिंतीपाशी आले. भर उन्हात उभी राहून, सगळा मान गिळून मी हाक मारली. "अक्का! टँकर आलाय, घागर घेऊन ये!"

तुझ्या बाजूनं भांडं घासल्याचा आवाज येत होता. तू होतीस, हाताच्या अंतरावर होतीस. मी दुसऱ्यांदा हाक मारली. तू खोकलीस आणि घासतच राहिलीस. तिसऱ्यांदा मी जवळजवळ किंचाळले. भांड्याचा आवाज काही थांबला नाही.

मग माझ्यातली ती जुनी बया जागी झाली. एवढी मिजास? मी वर्षभरानं तोंड उघडलं आणि ही साधं हूं म्हणत नाही? राहा म्हटलं तशीच. तुझ्या नावाची एक घागर मला भरून ठेवता आली असती. मी भरली नाही. टँकर गेला. दुपारी तू उन्हात रेल्वे फाटकापाशी हापशावर गेलीस, रांगेत उभी राहिलीस आणि भरली घागर घेऊन येताना पडलीस. उजवं मनगट मोडलं, ते कायमचं वाकडं जुळून आलं.

रेणूचे वडील लातूरहून आले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "वैनीला हाक न्हाई मारलीस?"

"मारली. तीनदा."

"ती म्हणती, न्हाई मारली."

त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. ते कधीच घेत नाहीत. पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट खुपत राहिली. दुधाच्या दिवशी मी बोलले ते रागात बोलले, तोंडातून निसटलं. पण दुष्काळात दारात पाणी आलेलं असताना घरच्या माणसाला हाक न मारणं, हे कुणाच्या हातून रागात निसटत नाही. ते ठरवून केलेलं असतं. तू मला तशी समजत होतीस. मी वाईट बोलले होते, मान्य. तेवढी वाईट मी नव्हते, अक्का.

मनात हे घेऊन चार उन्हाळे काढले. तूही काढलेस. लोक म्हणायचे, अक्का आता किती बदलल्या, समोरच्याच्या तोंडाकडे बघत किती लक्ष देऊन ऐकतात. दुकानात तू यायची बंद झालीस, त्याला आम्ही वय म्हटलं. रेणूचे वडील तुझ्यासमोर उभे राहून दोन शब्द बोलायचे, तू तिसरा बोलायचीस, संपलं. तुझ्या तोंडासमोर न येता, भिंतीआडून बोलणारी मी एकटी होते.

गेल्या महिन्यात हे म्हणाले, "वैनीचे पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतेत हृदय थकलंय. लातूरच्या दवाखान्यात चल म्हणलं तर येत न्हाई. तू जा." मी पदर खोचला, गल्लीला वळसा घातला आणि तुझ्या दारात आले. दार उघडंच होतं. तू देवघराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. बेक्कू मांडीत, तिच्या गळ्याखाली तुझा हात. मी उंबऱ्यात पाय ठेवला, अजून श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नव्हता, तोच तू मागं न बघता म्हणालीस, "ये गिरजे."

पाच वर्षांनी माझी पावलं ओळखलीस! मी म्हटलं, "कशी हायेस अक्का?" तू गप्प. "अक्का, लई दुखतंय का?" तरी गप्प. मला वाटलं, आत घेतलंस पण बोलणार नाहीस, ही माझी शिक्षा. मी समोर येऊन बसले तेव्हा तू माझ्या ओठांकडे बघितलंस आणि विचारलंस, "काय म्हणलीस?"

"मी आले ते तुला कसं कळलं?"

तू हसलीस. किती दिवसांनी तुझे ते पुढं आलेले दात बघितले! "दुसरं कुणी उंबऱ्यात आलं की हिची घुरघुर थांबती. भावजी आले तर पळूनच जाती. आता थांबली न्हाई, उलट वाढली. मग कोण असणार?" आणि वर म्हणालीस, "रोज दुपारी तिकडून दूध पिऊन येती. मिशीला साय लागलेली असती हिच्या. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी सरपणामागं लपवलेलं खापर तुला पहिल्यापासून माहीत होतं. मांजर तुझ्या मांडीत बसून तुला माझं सगळं सांगत होतं आणि मी इकडे समजत होते की कुणालाच ठाऊक नाही. शरमेनं मी उठले, चूल बघते म्हटलं. तू हात दाखवून मला बसवलंस आणि स्वतः चुलीपुढं जाऊन आमटी हलवायला लागलीस. मागं फळीवरचा तांब्या काढताना माझ्या हातून निसटला. फरशीवर असा आपटला की बेक्कू ताडकन उडून कणगीवर चढली. तू आमटी हलवत राहिलीस. खांदासुद्धा हलला नाही तुझा.

मी तिथंच उभी राहिले. हाताच्या अंतरावर भांडं घासणारी तू आणि भिंतीआड किंचाळणारी मी, हे सगळं एका क्षणात समोर आलं. तू मला उत्तर दिलं नव्हतंस असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुझ्यापर्यंत काही आलंच नव्हतं. ताप आला तेव्हा मी तुझ्याजवळ असते तर मला त्याच आठवड्यात कळलं असतं.

त्यानंतर रोज आले. तुझे पाय चोळले, तुझी वेणी घातली, तुझ्या शिव्या खाल्ल्या. भाकरी अजून नकाशासारखीच होते, हे तू पुन्हा सांगितलंस. ते दिवस तू मला दिलेस, याचं मला किती सुख आहे ते कसं सांगू? पण मनातलं कुसळ निघत नव्हतं. एक दिवस तुझ्या अगदी समोर बसून, ओठ नीट हलवत मी म्हटलं, "अक्का, त्या टँकरच्या दिवशी मी हाक मारली होती."

तुझा चेहरा घट्ट झाला. "न्हाई मारली."

"तीनदा मारली. भिंतीपाशी उभी राहून."

"मारली असतीस तर मी आले नसते का? पाण्याला न्हाई म्हणणारी हाय का मी?"

"अक्का, तुला..." एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि तू ताठ झालीस.

"मला काय? बोल. मला काय झालंय? सुई पडली तर ऐकू येती मला."

बेक्कूनं तुझ्या मांडीतून उडी मारली. तुझा श्वास फुलला होता, ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला संतापू देऊ नका. मी पाणी दिलं आणि विषय सोडला. पण मला काय सोडावं लागलं ते तुला ठाऊक नव्हतं. तुला बहिरी म्हटल्याशिवाय मी खरी ठरत नव्हते. या तोंडानं तुला एकदा वांझ म्हणून झालं होतं. आता त्याच तोंडानं बहिरी म्हणू? एकटी बाई, कान गेलेले कळले तर लोक काय काय करतील या भीतीनं तू ते झाकलंस, मांजराला कान केलंस आणि कुणाच्या दयेशिवाय इतकी वर्षं काढलीस. ते झाकण मी कुठल्या हक्कानं काढणार होते? मग मी खोटी ठरले तर ठरले, असं मनाला सांगायचे. पण ते मनाला पटायचं नाही. तू मला तसली समजून जाणार, या विचारानं जेवण गोड लागायचं नाही.

काल हे म्हणाले, "आता भिंत पाडून टाकू." मी म्हटलं, "राहू द्या. बेक्कू कुठं बसणार?" त्यांना वाटलं मी चेष्टा करते. ती खरंच तिथं बसलेली असते. दूध ठेवलं तर खाली येते, चाटते, पण माझ्या पायाशी घुरघुरत नाही. तुझ्या बाजूला बघत बसते. मला तिला काही सांगता येत नाही, तिचं मला काही कळत नाही.

शेवटच्या आधीच्या दुपारची गोष्ट तेवढी लिहायची राहिली. खोलीत आपण दोघीच होतो. तू डोळे मिटून पडली होतीस, म्हणजे ओठ बघण्याचाही मार्ग बंद. तुझा उजवा हात, तो वाकड्या मनगटाचा, चादरीवर काहीतरी चाचपत होता. मला वाटलं मांजर शोधते आहेस. मांजर खाटेखालून बाहेर येईना. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी तो हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला, तू तिच्या गळ्याखाली ठेवायचीस तसा. आणि हाक मारली. "अक्का, टँकर आलाय, घागर घेऊन ये." तुझी बोटं थांबली. मी दुसऱ्यांदा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला आणि शब्द अर्धेच बाहेर आले.

तुझी बोटं माझ्या गळ्यावर दाबली गेली. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि रेणूची चूक काढायचीस त्याच आवाजात म्हणालीस, "एवढ्या हळू हाक मारतेत व्हय गं? भिंतीपल्याड कसं ऐकू येईल?"

मला हसू आलं आणि रडू आलं. मी म्हटलं, "चुकलं अक्का."

काय चुकलं ते तू विचारलं नाहीस. हाक हळू मारली ते, की तीन हाकांवर थांबले आणि दार ओलांडून आले नाही ते, की दुधाच्या दिवशी बोलले ते. मी सांगायला तोंड उघडलं तोवर तू पुन्हा डोळे मिटले होतेस. हात मात्र गळ्यावरच होता. मग मी बोलत राहिले. रेणूच्या पेल्याचं, तुझ्या तापाचं, भरून न ठेवलेल्या घागरीचं, सगळं बोलले. ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं पुन्हा उच्चारलं आणि त्याची माफी मागितली. त्यातलं तुला काय पोचलं, मला माहीत नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी बोलत होते आणि तू हात काढला नाहीस.